तुकडा न टाकता धुतलेला रोल

मित्रांनो, अंधार राखणं हेच माझं काम. फिल्म धुताना उजेडाचा एक कवडसा जरी आत शिरला, तर कुणाचा तरी चेहरा कायमचा पुसला जातो. तसा कवडसा मी कधी शिरू दिला नाही. मी फिल्म धुण्याचा काळा डबा आहे, आणि आता खूप जुना झालो आहे.

तुमच्यातल्या पुष्कळांनी माझ्यासारखा डबा पाहिलेला नसेल. पाहिला असला तरी चहा-साखरेचा समजून पुढे गेला असाल. मी उंचीला तांब्याएवढा. जुन्या विजेच्या बटनांचं असतं तसं टणक काळं माझं अंग. वर फिरकीचं झाकण आणि झाकणाच्या मधोमध नरसाळ्यासारखं तोंड. त्या तोंडातून पाणी आत जातं, उजेड जात नाही. पोटात एक चकरी आहे. अंधारात फिल्म तिच्यावर गुंडाळायची, मला झाकण लावायचं आणि मग खुशाल उजेडात बसून औषध ओतायचं. या औषधाला डेव्हलपर म्हणतात. फिल्मवर दडून बसलेलं चित्र ते वर आणतं. मग हायपोच्या पाण्यानं ते चित्र पक्कं होतं.

कुठल्या कारखान्यात मी घडलो ते मला आठवत नाही. आठवतं ते हैदराबादच्या एका दुकानातलं काचेचं कपाट. तिथून मला सांबप्पांनी उचललं. ते तेव्हा ऐन तरुण होते. एका उस्तादांच्या हाताखाली फोटोचं काम शिकून परभणीला परत निघाले होते. रेल्वेच्या डब्यात त्यांनी मला सगळा रस्ता मांडीवर धरलं होतं. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय हाय त्यात? मिठाई का?" सांबप्पा हसून म्हणाले, "व्हय, पण खायची न्हाई, बघायची."

परभणीत त्यांनी स्टेशन रस्त्याला छोटा स्टुडिओ काढला. पुढच्या खोलीत पडदा आणि दिवे, मागे अंधारी खोली, आणि तिला लागूनच घर. लग्न होऊन चन्नबसम्मा आल्या तेव्हा अंधाऱ्या खोलीची एक भिंत त्यांच्या स्वयंपाकघराची भिंत झाली. फोडणीचा वास मला रोज यायचा आणि हायपोचा वास त्यांना. दोघांनीही एकमेकांची सवय करून घेतली.

सांबप्पांचं डेव्हलपर घरचंच असायचं. तयार पुडे हैदराबादहून यायचे आणि ऐन लग्नसराईत संपायचे. म्हणून उस्तादांनी शिकवलं तसं ते स्वतः औषध कालवायचे. दोन-तीन पावडरी आणि त्यात धुण्याचा सोडा, म्हणजे कपड्यांना लावतात तो. त्या सोड्याशिवाय बाकीच्या पावडरी झोपून राहतात. सोडा पडला की जाग्या होतात आणि कामाला लागतात.

पण घरच्या औषधाची एक अडचण असते, मित्रांनो. तयार पुड्यावर वेळ छापलेली असते. फिल्म किती मिनिटं ठेवायची ते वाचायचं आणि घड्याळाकडे बघायचं. घरच्या औषधाची वेळ कुणीच छापून देत नाही. ती ज्याची त्यानं शोधायची. पावडर चिमूटभर कमी-जास्त झाली की वेळ बदलते. विहिरीचं पाणी वेगळं, नळाचं वेगळं. आणि परभणीचा मे महिना तर कुठल्याही तक्त्यात बसत नाही. त्या उन्हात औषध इतकं तापतं की फिल्मवरचा थर सायीसारखा सुटून येतो. म्हणून सांबप्पा ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या माठाचं पाणी वापरायचे, आणि प्रत्येक नव्या औषधाची आधी परीक्षा घ्यायचे.

ती परीक्षा अशी. फिल्मच्या टोकाला उजेड लागून वाया गेलेला भाग असतो. त्याचा एक तुकडा कापून ते वाटीतल्या औषधात टाकायचे आणि बघत बसायचे. तुकडा करडा व्हायचा, मग गडद, मग शाईसारखा काळा. तो किती वेळात पुरता काळा झाला यावरून औषधाचा जोर कळायचा आणि रोलची वेळ ठरायची. एवढं झाल्याशिवाय माझ्या पोटात औषधाचा थेंब पडत नसे. "आधी तुकडा, मग रोल," हे उस्तादांचं वाक्य सांबप्पा येता-जाता म्हणायचे.

याच दिवसांत भुजंग आमच्याकडे आला. पेडगावच्या शेतकऱ्याचा मुलगा. परभणीला काही कामानं आला होता. स्टुडिओच्या काचेत लावलेले फोटो बघत तो इतका वेळ उभा राहिला की सांबप्पांनी त्याला आत बोलावून पाणी दिलं. पुढे शेतीचं काम नसेल तेव्हा तो येऊ लागला, आणि वर्षा-दोन वर्षांत सांबप्पांनी स्टुडिओचा दुसरा कॅमेरा त्याच्याच हाती दिला. खेड्यापाड्यांतली लग्नं, शाळेचे ग्रुप, जत्रा, सगळं भुजंग टिपायचा आणि सांबप्पा धुवायचे.

भुजंगची नजर वेगळी होती. लोक कॅमेऱ्यासमोर ताठ उभे राहायचे तेव्हा तो कळ दाबायचाच नाही. "झालं, झालं," म्हणायचा. लोक सुटकेचा श्वास सोडून हसायचे आणि तेव्हा तो फोटो काढायचा. माझ्यातून निघालेली त्याची फिल्म खिडकीशी धरून सांबप्पा म्हणायचे, "ह्या माणसाला देवानं डोळा दिलाय बघा." चन्नबसम्मा आतून म्हणायच्या, "अन् त्याला सांगा आधी जेवून घे म्हणावं." अशी ती वर्षं होती. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत चांगली वर्षं.

भुजंगच्या वडिलांचं नाव आश्रुबा. लहानपणी देवी आल्यामुळे त्यांच्या तोंडभर वण होते आणि एक डोळा गेला होता. त्यामुळे त्यांनी जन्मात कधी फोटो काढू दिला नाही. मुलगा फोटोवाला, पण बापाचा एक फोटो घरात नाही. भुजंगनं कितीदा विनवलं असेल. म्हातारा म्हणायचा, "हे तोंड आरशातबी बघत न्हाई मी, कागदावर कशाला पायजे?"

मग भुजंगला मुलगी झाली. सविता नाव ठेवलं. ती चार महिन्यांची असताना पोळा आला. त्या सकाळी आश्रुबांनी बैल सजवले, अंगणात घोंगडी टाकली, नातीला मांडीवर घेतलं आणि स्वतःहून मुलाला हाक मारली, "भुजंग, आन तुझं फोटूचं डबडं. पोरीला कळाया पायजे, आपला आजा कसा होता."

हे सगळं मला कसं कळलं? दुसऱ्या दिवशी भुजंग स्टुडिओत धावतच आला आणि एका दमात सांगून मोकळा झाला. त्याचे डोळे ओले होते. "सांबप्पा, म्हातारं बसलं रे फोटूला! लय भारी बसलं! पोरीनं त्याचं बोट धरलं तवाच मी दाबलं. आता लगेच धू, मला धीर न्हाई."

त्या दिवशी पुढच्या खोलीत मानवतची पाहुणेमंडळी फोटोसाठी नटून बसली होती. लाइट गेली होती, ती येण्याची सगळे वाट बघत होते. अंधाऱ्या खोलीत मेणबत्ती लावून सांबप्पा औषध कालवू लागले. पावडरी घातल्या आणि सोड्याच्या बरणीत हात घातला, तर बरणी रिकामी. ते तसेच स्वयंपाकघरात गेले. चन्नबसम्मा मठात गेल्या होत्या. फळीवर तुपाचे दोन सारखे डबे शेजारी शेजारी होते. एकात कपडे धुण्याचा सोडा, दुसऱ्यात खायचा सोडा. दोन्ही पांढरे. सांबप्पांनी घाईघाईनं एक डबा उचलला.

तो खायच्या सोड्याचा होता.

भुजंग दाराशी उभा होता. त्यानं विचारलं, "आज तुकडा न्हाई टाकला?"

"आरं, रोजचंच औषध हाय. हात बसलाय माझा. तिकडं पावणे खोळंबलेत, लाइट कवाबी येईल."

"तरीबी टाक की. दोन मिनटाचं काम."

"मला शिकवतूस व्हय?" सांबप्पा हसत म्हणाले. रागानं नाही, अगदी मायेनंच म्हणाले. मग मेणबत्ती विझवून त्यांनी फिल्म चकरीवर चढवली आणि माझं झाकण लावलं.

औषध आत आलं आणि मला लगेच कळलं. रोजचं औषध बुळबुळीत असतं, झोंबतं. आजचं पाणी मऊ होतं, झोपलेलं होतं. मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी ओरडलो असतो. माझ्या पोटात फिल्मवर आश्रुबा हळूहळू वर येऊ बघत होते. फेट्याची कड आली, बाळाच्या मुठीची सावली आली, आणि तिथंच सगळं थांबलं. अजून कितीतरी वेळ हवा होता. रोजच्या हिशोबाची वेळ संपली, औषध ओतून गेलं, हायपो आला. हायपो आला की मग काही करता येत नाही.

फिल्म बाहेर काढली तेव्हा ती जवळजवळ कोरी होती. धुक्यात गाव दिसावं तशी कुठे बैलाच्या शिंगाची रेघ, कुठे एक फिकट डाग. सांबप्पांनी ती बराच वेळ खिडकीशी धरली. मग म्हणाले, "उजेड कमी पडला, भुजंग. ढगाळ व्हतं का? घाईत तू कॅमेऱ्याचं छिद्र बारीक ठेवलंस."

भुजंगचा चेहरा मी विसरू शकत नाही. तो एवढंच म्हणाला, "व्हय. ढग आल्ते मधीच."

सांबप्पा मुद्दाम खोटं बोलले नाहीत. त्यांना स्वतःच्या औषधावर शंकाच आली नाही. वापरलेलं औषध नेहमीप्रमाणे मोरीत ओतून दिलं. संध्याकाळी बाजारातून नवा सोडा आला, पुढचे रोल चांगले निघाले, आणि त्यांची खात्री आणखीच पक्की झाली. चन्नबसम्मा भजी करताना आपल्याशीच म्हणाल्या, "खायचा सोडा एवढा कसा संपला?" ते भिंतीपलीकडून मी ऐकलं. सांबप्पांनी ऐकलं नाही.

भुजंगनं वडिलांना पुन्हा बसायची विनंती केली. म्हातारा म्हणाला, "एकदा बसलो, बास झालं." आणि दिवाळीच्या आधी साध्या तापाचं निमित्त होऊन आश्रुबा गेले.

दिवस उरकल्यावर भुजंग स्टुडिओत आला. कॅमेरा टेबलावर ठेवला.

"हे तुझं तुझ्याकडं ऱ्हाऊ दे."

"आरं, लगनं तोंडावर आलीत, भुजंग."

"देवानं बा नेला, त्याला इलाज न्हाई. पण त्याचा चेहरा माझ्या हातानं गेला. आता ह्या हातात कॅमेरा नको."

सांबप्पांनी समजूत घातली, चहा मागवला. "चुकतं माणसाचं," असंही म्हणाले. किती सहज म्हणाले! भुजंगनं चहा घेतला, चन्नबसम्मांना सांगून निघाला, आणि परत कधी आला नाही.

पुढचं माझं आयुष्य लवकर सांगून होण्यासारखं आहे. रंगीत फोटो आले. रंगीत रोल धुवायला मोठ्या शहरात जायचे, तिथं माझं काम नव्हतं. मग फिल्मच गेली. स्टुडिओच्या जागी मुलानं, शिवप्रकाशनं, मोबाइलचं दुकान घातलं. अंधाऱ्या खोलीत खोकी रचली गेली. चन्नबसम्मांनी मला धुऊन-पुसून माझ्यात बटनं, हूक आणि सुयांची पाकिटं ठेवली. त्यांचा काही दोष नाही, रिकामा डबा कोण ठेवतं? पण ज्या पोटात माणसांचे चेहरे उमटले त्यात बटनं खडखडायची, तेव्हा मला फार एकटं वाटायचं.

मग गेल्या हिवाळ्यात महेश्वरीनं मला हातात घेतलं.

महेश्वरी ही सांबप्पांची मुलगी. परभणीतच दिलेली, एका शाळेत विज्ञान शिकवते. लहानपणी तिला अंधाऱ्या खोलीत यायला मनाई होती. दाराबाहेर बसून ती औषध ओतल्याचे आवाज ऐकायची. त्या हिवाळ्यात एका रविवारी माहेरी आली असता लेकीच्या फ्रॉकसाठी बटन शोधताना तिनं मला पाहिलं. बटनं ताटात ओतली आणि म्हणाली, "अप्पा, ह्याच्यात परत फिल्म धुता येईल का?"

सांबप्पा तेव्हा पंचाहत्तरीला आले होते. दिवसभर टीव्हीसमोर बसायचे. पण तो प्रश्न ऐकून ते उठून उभे राहिले. "येईल की. पण औषध कुठून आणतीस?"

औषधाची कृती तिनं शोधून ठेवली होती. कॉफीची पूड, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सी. कॉफीनं फिल्म धुतात हे ऐकून सांबप्पांना आधी हसू आलं. फिल्म आणि हायपो पोस्टानं आले. भुजंग टेबलावर ठेवून गेलेला तो जुना कॅमेरा कपाटातून निघाला. महेश्वरीनं अंगणातले फोटो काढले. वाळत घातलेले कपडे, तुळस, पापड लाटणारी आई. पुढच्या रविवारी बाप-लेक स्वयंपाकघरातच औषध कालवायला बसले. कॉफीत सोडा पडला की असा वास सुटतो की चन्नबसम्मांनी पदर नाकाला लावला. "ह्याच्यापरीस तुमचा हायपो बरा व्हता!"

"ह्या औषधाची वेळ किती ठेवायची, अप्पा?"

"वेळ औषधालाच इचारायची. आधी तुकडा."

तुकडा वाटीत पडला. दोघं बघत बसले. तो करडा झाला आणि तिथंच अडला. चहा पिऊन झाला, तरी करडाच.

"कॉफी कमी पडली का?"

"न्हाई, रंग तर बरा हाय." सांबप्पांनी औषध बोटाला लावून चोळलं. "बुळबुळीत लागंना. सोडा कुठला घातलास?"

"आईनं दिला तो."

चन्नबसम्मा फळीपाशी गेल्या आणि कपाळावर हात मारला. "अगं बाई! तू नुसतं सोडा म्हणलीस. मी खायचा दिला की."

महेश्वरी हसायला लागली. मग शिक्षिकेच्या कुतूहलानं म्हणाली, "थांबा अप्पा, ह्या औषधात फोटो कसा निघतो ते तरी बघू." रोलच्या शेवटी तिनं अंगणाचे जादा फोटो काढले होते. उजेड आत न शिरणाऱ्या काळ्या कापडी पिशवीत हात घालून तेवढाच भाग कापला, चकरीवर चढवला आणि ते मऊ, झोपलेलं पाणी पुन्हा एकदा माझ्या पोटात आलं.

पट्टी निघाली तेव्हा सांबप्पांनी ती खिडकीशी धरली. जवळजवळ कोरी फिल्म. कुठे दोरीची रेघ, कुठे तुळशीचा फिकट डाग.

महेश्वरी काहीतरी समजावून सांगत होती. सांबप्पांचं लक्ष नव्हतं. पट्टी धरलेला हात त्यांनी खाली घेतलाच नाही. मग त्यांनी बायकोला विचारलं, "हे दोन डबे तू आधीपासून असे शेजारी ठेवतीस?"

"लगीन होऊन आले तवापासून. का हो?"

सांबप्पा खाली बसले. "भुजंगची चूक न्हवती," ते म्हणाले. "महेश्वरी, त्याची काहीच चूक न्हवती."

त्या दिवशी त्यांनी मुलीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग उद्याच जाऊ पेडगावला." पण उद्या गेले नाहीत. कधी गुडघा दुखतो म्हणाले, कधी थंडी फार आहे म्हणाले. महेश्वरीनं योग्य सोडा आणून औषधाची वेळ नीट बसवली. दर रविवारी तुकडे टाकले, फिल्मचे छोटे भाग वेगवेगळा वेळ ठेवून पाहिले. सांबप्पा जवळ बसून बरोबर-चूक सांगायचे, पण त्यांचं मन तिथं नसायचं. संक्रांत होऊन गेली. शेवटी चन्नबसम्माच म्हणाल्या, "तुमी न्हाई गेला तर मी जाते. डबा माझ्या फळीवरचा हाय." तेव्हा ते निघाले.

मला कापडी पिशवीत घातलं होतं. सोबत औषधाची आणि हायपोची बाटली, काळी पिशवी आणि कॅमेरा. पेडगावला गाडी थोडाच वेळ थांबते. महेश्वरीनं वडिलांना हात धरून उतरवलं.

भुजंग अंगणात अंबाडीचं दावं वळत बसला होता. केस पांढरे झाले होते. त्यानं वर बघितलं, दावं खाली ठेवलं आणि म्हणाला, "सांबप्पा? ये. बस." मग आत बायकोला हाक मारली, "सरजा, पाणी आन. परभणीचे पावणे आलेत."

सांबप्पांनी पाणी घेतलं नाही. पिशवीतून मला काढून जमिनीवर ठेवलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. खायचा सोडा, न टाकलेला तुकडा, सगळं. "तुझा फोटो चांगला व्हता, भुजंग. मी बिघडवला. अन् नाव तुझं घेतलं."

पाणी घेऊन आलेल्या सरजाबाई दारातच थांबल्या होत्या. भुजंगच्या आधी त्याच बोलल्या. "भावजी, हे माणूस इतकी वर्सं कुनाच्या लगनातबी फोटूत उभं ऱ्हायलं न्हाई. मोबाइल आला तरी हातात घेत न्हाई. ल्येकरं म्हणायची, बाबा आमचा फोटू काढा. हे उठून शेतात जायचे. मला वाटायचं, काय झालंय यान्ला?"

भुजंगनं विचारलं, "मी म्हणलं व्हतं ना, तुकडा टाक म्हणून?"

"व्हय. म्हणला व्हतास."

"मला वाटायलं व्हतं, हे मला सपनात पडलं आसंल."

महेश्वरीनं हळूच विचारलं, "काका, ती पट्टी हाय का अजून? आता संगणकावर तेवढ्या सावलीतूनसुद्धा चेहरा काढता येतो."

"न्हाई बाई. बाच्या सरणावर ठेवली मी. म्हणलं, ज्याचा फोटू त्याच्या संगट जाऊ दे."

सांबप्पा भुजंगसमोर जमिनीवर बसले आणि रडू लागले. भुजंगनं त्यांना उठवलं नाही, पण दूरही सरकला नाही. म्हणाला, "बाचा फोटू गेला, त्याचं दुःख मी कवाच गिळलं, सांबप्पा. पण त्याच्यामागं मी माझ्या सविताचाबी फोटू काढला न्हाई. ती चालायला लागली, साळंत गेली, लगीन करून गेली. मला सगळं दिसायचं. डोळ्याम्होरं फोटू जुळायचा अन् हात वर व्हायचा न्हाई. ते कुठून आनशील तू?"



तेव्हा सरजाबाई पुढे आल्या. पदर नीट केला, उंबऱ्यावर बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चूक न्हवती ना तुमची? मग घ्या ते यंत्र. काढा माझा."

भुजंग नको नको म्हणत राहिला. पण महेश्वरीनं कॅमेरा त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्याची बोटं आपोआप जागेवर गेली. त्यानं आभाळाकडे बघून उजेड ताडला. सरजाबाई ताठ बसल्या होत्या. "झालं, झालं," तो म्हणाला. त्यांनी श्वास सोडला, हसल्या, आणि कळ दाबली गेली.

मग तो म्हणाला, "इथंच धुवा."

महेश्वरीनं काळ्या पिशवीत हात घालून फिल्म माझ्यात भरली. औषधाची बाटली उघडताना भुजंगनं तिला थांबवलं. "तुकडा." इथं उन्हात औषध तापलं होतं, म्हणून वेळ पुन्हा बघावीच लागणार होती. वाटीभोवती तिघंजण वाकून बसले. तुकडा काळा झाला, वेळ ठरली. मला भुजंगनं स्वतःच्या हातात घेतलं. अंबाडीनं सोललेली ती बोटं मला हलवायची लय विसरली नव्हती. औषध झोंबत होतं, जागं होतं. सरजाबाई माझ्या पोटात भराभरा उमटत होत्या.

फिल्म निघाली. काळं-पांढरं लख्ख, जसं हवं तसं. भुजंगनं ती आभाळाकडे धरली. साडीचे काठ, उंबरा, दाराची कडी. पण सगळंच जरा हललेलं होतं, सरजाबाईंचा चेहरासुद्धा. कळ दाबताना हात हलला होता. जे हसू टिपायला तो थांबला होता, ते पुसटसं होऊन राहिलं होतं.

त्यानं सांबप्पांकडे बघितलं. "औषध बरोबर हाय तुझं," तो म्हणाला. "ह्या बारीला हात माझाच हालला." आणि तो हसला. डोळ्यांतून पाणी येत होतं तरी हसला. सांबप्पांना हसता आलं नाही.

पुढे महेश्वरीनं तो फोटो कागदावर उतरवून पेडगावला पोहोचवला. सरजाबाईंनी तो हललेला फोटो चौकटीत बसवून भिंतीवर लावला आहे म्हणतात. भुजंग मात्र परभणीला आला नाही. सांबप्पा रविवारी दाराकडे तोंड करून बसतात, पण त्याला बोलावत नाहीत. बोलावण्याचा हक्क आपण घालवला, असं त्यांना वाटतं.

मित्रांनो, आम्हां जुन्या वस्तूंना जपा, असं माझ्यासारखे सगळे सांगतात. मीही सांगतो. पण मला धूळ बसली तर ती फडक्यानं पुसता येते, बटनं भरली तर ओतून टाकता येतात. 'तुझं चुकलं' हे शब्द मात्र नीट बघून बोला. समोरचा माणूस तुमच्यावर विश्वास ठेवणारा असला तर फारच जपून बोला, कारण तो ते खरं मानतो आणि घरी घेऊन जातो. आणि चूक आपली होती असं कळलं तर गुडघ्याची, थंडीची सबब सांगत बसू नका. त्याच दिवशी निघा.

सविताचं बाळपण पेडगावच्या त्या अंगणात खेळलं, वाढलं आणि निघून गेलं. भुजंगच्या डोळ्यांसमोर त्याचे शेकडो फोटो जुळले. त्यातला एकही माझ्यापर्यंत आला नाही.